गाडीमागून जाणारी शिडाची होडी

मुंबईंतील पांढरपेशा कुटुंबाचें समुद्राशीं असलेलें नातें मोठें चमत्कारिक आहे. गिरगांवांतील चाळींतून निघालेला मनुष्य दहा मिनिटांत चौपाटीवर येतो. दादरचा मनुष्य शिवाजी पार्कला वळसा घालून वाळूंत जाऊन बसतो. परळ-लालबागकडील मंडळींस तर पूर्वेचें बंदर व पश्चिमेची चौपाटी दोन्ही सारख्याच अंतरावर. पण यांपैकीं बहुतेकांचा समुद्र गुडघाभर पाण्यापलीकडे जात नाहीं. त्याच्या वाऱ्यावर आपण उन्हाळा काढतों, त्याच्या काठीं भेळ खातों, त्याला नारळ वाहतों, गणपति त्याच्या स्वाधीन करतों. मात्र त्याच्या पाठीवर बसण्याचा विचार आपल्या मनास सहसा शिवत नाहीं. तें काम कोळ्यांचें, खलाशांचें, नाहीं तर कुलाब्याच्या क्लबांतील धनिकांचें, अशी वाटणी आपण केव्हांच करून ठेवली आहे.

आमच्या आप्तांपैकीं एक कुटुंब कांहीं वर्षें परदेशीं राहून दादरला परत आलें. तेथें त्यांनीं एक प्रकार पाहिला होता. शनिवारीं मोटारीमागें दुचाकी गाडा जोडावयाचा, त्यावर लहानशी शिडाची होडी बांधावयाची, खाडीच्या किंवा तळ्याच्या उतारावरून ती पाण्यांत सोडावयाची, मुलाबाळांसह दीड दिवस पाण्यावर काढावयाचा आणि रविवारीं रात्रीं होडी पुन्हा घराच्या अंगणांत आणून उभी करावयाची. बंदरांत जागा नको, क्लबाची वर्गणी नको, नोकर नको. हेंच मुंबईंत कां होऊं नये, असा प्रश्न त्यांनीं जेवणाच्या पंक्तींत काढला. त्यावर आमच्या वृद्ध काकूंनीं एवढेंच विचारलें, “अरे, होडी ठेवशील कुठें? आणि पोरांना सुखरूप परत आणशील कसा?” नंतर या विषयाची जी चौकशी झाली, किनारे पाहिले, जाणत्यांस विचारलें व एक दिवस प्रत्यक्ष होडींत काढला, त्या सर्वांचा सारांश म्हणजे या दोन प्रश्नांचीं उत्तरें होत. तोच वाचकांपुढें ठेवीत आहें.

प्रथम होडी कशी असते तें सांगितलें पाहिजे. या जातींत मुख्य भेद दोन. एक उघडी होडी, दुसरी लहानशी कोठडी असलेली. उघड्या होडीचें चांगलें उदाहरण म्हणजे इयन प्रॉक्टर या इंग्रज रचनाकारानें १९५७ सालीं आंखलेली ‘वेफेरर’. लांबी ४.८२ मीटर, रुंदी १.८५ मीटर, आणि नुसत्या सांगाड्याचें वजन १६९ किलो. हिच्या तळाशीं कायमचा जड कणा नसून मधोमध एक वर-खालीं करतां येणारी फळी असते. फळी वर घेतली कीं होडीला वीतभर पाणी पुरतें. खालीं सोडली कीं सव्वा मीटराच्या आसपास खोली लागते. फळीचें काम असें कीं, बाजूनें वारा लागला असतां होडी आडवी न सरकतां पुढें जावी. फ्रँक डाय नांवाच्या इंग्रजानें एका सोबत्यासह १९६३ सालीं याच जातीच्या होडींतून स्कॉटलंडहून आइसलंड गांठलें, यावरून तिची समुद्रांतील योग्यता दिसते. अर्थात् तें साहस घरच्या मंडळींनीं अनुकरण करण्यासारखें नव्हे.

कोठडीची होडी सव्वीस फुटांपर्यंत जाते. अमेरिकेंतील ‘मॅकग्रेगर’ जातींत एक युक्ति आहे. आपल्या खलाशांच्या भाषेंत ज्यास नीरम म्हणतात, म्हणजे जहाज सरळ उभें राहावें म्हणून तळाशीं घातलेलें वजन, तें येथें समुद्राचेंच पाणी असतें. होडी पाण्यांत उतरल्यावर टाकी भरावयाची, व ती बाहेर काढतांना रिकामी करावयाची. म्हणजे रस्त्यावर ओढतांना तेवढा भार कमी. उघड्या होडींत ही टाकीही नसते. तेथें नीरम म्हणजे आंत बसलेलीं माणसें. साठ किलोंचीं चार माणसें धरलीं तरी तीं २४० किलो, म्हणजे होडीच्या सांगाड्याहून अधिक भरतात. तेव्हां कोणीं कोठें बसावें व वारा फिरतांच कोणीं कोणत्या बाजूस सरकावें, यावरच होडीचा तोल अवलंबून. घरांत कोणी कोणाचें ऐकत नसलें तरी चालतें. होडींत सुकाणूवर बसलेल्याचें ऐकावेंच लागतें.

आतां काकूंचा पहिला प्रश्न. होडी ठेवावयाची कोठें? गिरगांवांतील चाळींच्या चौकांत आज दुचाकीस जागा मिळणें कठीण. तेथें पांच मीटरांची होडी व तिच्या पुढें निघालेला गाड्याचा दांडा यांची गोष्टच नको. दादर-हिंदु कॉलनीकडील जुन्या इमारतींस मागें-पुढें थोडें अंगण होतें. पुनर्बांधणींत त्याचें रूपांतर मोटारींच्या रांगांत झालें. परळ-लालबागकडे गिरण्यांच्या जागीं जे उंच मनोरे उभे राहिले, त्यांत मोटारी मजल्यांवर चढवून ठेवतात. तेथील आंखलेल्या चौकोनांत होडी मावत नाहीं, आणि वळणावर डोलकाठी तर मुळींच फिरत नाहीं. होडीची रुंदी लहान मोटारीएवढीच. अडचण लांबीची व डोलकाठीची. सव्वीस फुटी होडी म्हणजे जवळजवळ आठ मीटर; मोटार धरून ही मिरवणूक बारा मीटरांच्या पुढें जाते. तिला गिरगांवच्या गल्लींत शिरतां येईल, पण परत फिरतां येणार नाहीं. म्हणून कोठडीची होडी या वस्तींतील कुटुंबांनीं विचारांतून काढून टाकावी हें बरें.

ओढण्याच्या गाड्याविषयीं आणखी एक गोष्ट ध्यानांत ठेवावी. १९८८ च्या मोटार वाहन कायद्याच्या व्याख्येंत ‘ट्रेलर’ हाही मोटार वाहनांतच मोडतो. म्हणजे त्याची नोंदणी हवी. लोहाराकडून चार नळ्या जोडून घेतल्या व दोन चाकें लावलीं, एवढ्यानें भागत नाहीं. मागें दिवे हवेत, आणि ओढणारी मोटार तें वजन थांबवूं शकेल अशी हवी. ओढण्यापेक्षां थांबविणें अवघड, हें लालबागच्या उड्डाणपुलावरून उतरतांना कोणासही कळेल.

होडी घरीं राहिली असें क्षणभर धरूं. ती पाण्यांत कोठें सोडावी? मुंबईला तिन्ही बाजूंनीं पाणी असल्यामुळें हा प्रश्न क्षुल्लक वाटतो. पण किनाऱ्यानें फिरून पाहिलें म्हणजे निराळेंच चित्र दिसतें. गिरगांव चौपाटीची पुळण रुंद व मऊ आहे. परंतु मऊ वाळूंत मोटारीचीं चाकें रुततात आणि सुटीच्या दिवशीं तेथें पाय ठेवण्यास जागा नसते. शिवाय त्या उपसागराचें तोंड नैर्ऋत्येकडे उघडें. वारा वाढला कीं लाटा थेट काठावर येतात. दादर-प्रभादेवीकडे ओहोटीस खडक उघडे पडतात, व भरतीच्या वेळीं वाळू फारशी उरतच नाहीं. माहीमची खाडी उथळ, आणि मिठी नदीनें आणलेल्या घाणीमुळें तेथें मुलांस उतरवावेंसें वाटत नाहीं. पूर्वेस शिवडीला ओहोटींत कोस-अर्धा कोस चिखल पसरतो; रोहित पक्ष्यांस तो चिखल स्वर्ग आहे, होडीस नव्हे. त्याच शिवडीहून १२ जानेवारी २०२४ रोजीं खुला झालेला अटल सेतु निघतो. त्यावरून जाणाऱ्यास ओहोटीच्या वेळीं हें विस्तीर्ण चिखलाचें मैदान स्पष्ट दिसतें. राहतां राहिलें भाऊचा धक्का ते अपोलो बंदर हें अंतर. तेथें पाणी आहे, पायऱ्या आहेत, पण तें गजबजलेलें बंदर आहे. मोटारीमागून होडी सोडण्यासाठीं सर्वांस मोकळा असा उतार तेथें सहज मिळत नाहीं. ज्यांनीं पाण्याचा व्यवहार पिढ्यान् पिढ्या केला, त्यांनाही वाट मागून घ्यावी लागते. वरळीच्या कोळ्यांनीं सागरी किनारा रस्त्याच्या पुलाखालून आपल्या होड्या नीट जाव्यात म्हणून आग्रह धरला, तेव्हां २०२२ च्या अखेरीस दोन खांबांमधील अंतर ६० मीटरांवरून १२० मीटर करण्याचें ठरलें. पाण्यावर हक्क सांगण्यास पाण्यावर जावें लागतें, हा त्यांतील बोध.

भरती-ओहोटीचा विचार तर सर्वांत आधीं. मुंबईस उधाणाच्या दिवशीं भरतीच्या व ओहोटीच्या पातळींत साडेतीन मीटरांहून अधिक अंतर पडतें. भांगाच्या दिवशीं तेंच दीड मीटराच्या आसपास. म्हणजे सकाळीं जेथें होडी तरंगत होती तेथें दुपारीं दोन पुरुष उंचीचा खडक उघडा दिसूं शकतो. या बाबतींत मात्र आपल्या घरांत एक जुनें साधन आहे, तें म्हणजे पंचांग. तिथीची पाऊणपट केली कीं पूर्ण भरतीची स्थूल वेळ निघते, हा किनाऱ्यावरील जुना हिशेब. चतुर्थीस तीन वाजतां, अष्टमीस सहाला, द्वादशीस नवाला, आणि पौर्णिमेस किंवा अमावास्येस सव्वाअकराच्या पुढें. शुद्ध व वद्य दोन्ही पक्षांस हाच नियम. अर्ध्या-पाऊण तासाचा फरक पडतो, म्हणून प्रत्यक्ष निघतांना छापील कोष्टक पाहावेंच; पण ज्या घरांत एकादशी कधीं आहे हें मुलांनाही माहीत असतें, त्या घरास समुद्राचें घड्याळ वाचणें अवघड नाहीं.

दुसरा हिशेब बारा भागांचा. ओहोटीपासून भरतीपर्यंतचे सुमारें सहा तास. पहिल्या तासांत पाणी एकूण उंचीच्या बाराव्या हिश्शानें चढतें, दुसऱ्यांत दोन हिश्शांनीं, तिसऱ्या व चौथ्यांत तीन तीन हिश्शांनीं, पांचव्यांत दोन, सहाव्यांत पुन्हा एक. अंतर ३.६ मीटर धरलें तर पहिल्या तासांत ३० सेंटीमीटर, पण मधल्या दोन तासांत दर तासास ९० सेंटीमीटर. तेव्हां पाण्याची ओढ सर्वांत प्रबळ असते ती मधल्या वेळीं. हें गणित न मानणाऱ्यास समुद्र सवलत देत नाहीं, मग तो कितीही मोठा असो. ६ सप्टेंबर २०२५ च्या अनंत चतुर्दशीस निघालेली लालबागच्या राजाची मूर्ति दुसऱ्या दिवशीं सकाळीं गिरगांव चौपाटीवर पोहोंचली. तो दिवस पौर्णिमेचा होता. पाऊणपटीच्या हिशेबानें दुपारच्या सुमारास उधाण यावयाचें, तें आलें. आणि लाखों भक्त काठावर उभे असतां विसर्जन रात्रीपर्यंत खोळंबलें. राजाला जें चुकलें नाहीं तें आपल्या होडीस कसें चुकावें?

वाऱ्याचें वेळापत्रकही असेंच ठरलेलें आहे. दिवाळीनंतर मे महिन्यापर्यंत सकाळीं जमिनीवरून मंद मतलई वारा वाहतो. दहा-अकराच्या सुमारास तो पडतो. मध्यान्ह टळतांच वायव्येकडून खारा वारा सुरू होतो व तिसऱ्या प्रहरीं जोर धरतो. माघ-फाल्गुनांत तो सुखावह असतो, चैत्र-वैशाखांत चांगलाच झोंबतो. ज्येष्ठापासून नारळी पौर्णिमेपर्यंत समुद्र बंद. त्या काळांत सरकार यांत्रिक मासेमारी थांबवितें, गेटवेहून मांडव्यास जाणाऱ्या लाँचीही बंद असतात. जें कोळी करीत नाहींत तें आपण करूं नये. हिशेब केला तर वर्षाचे सहा-सात महिने होडीचे, त्यांतील सुटीचे दिवस घरच्या मंडळींचे, आणि त्या दिवसांपैकीं भरती सोईच्या वेळीं येणारे दिवस खऱ्या सफरीचे. म्हणजे वर्षांत पंधरा-वीस सफरी झाल्या तरी पुष्कळ.

होडी किती वेगानें जाईल, याचा नियम मनोरंजक आहे. पाण्यांत बुडालेल्या भागाची लांबी फुटांत घेऊन तिचें वर्गमूळ काढावें व त्यास १.३४ नें गुणावें. येईल तो वेग ताशीं सागरी मैलांत. सोळा फुटांचें वर्गमूळ चार, म्हणजे ५.३६ सागरी मैल, सुमारें दहा किलोमीटर. ही झाली वरची मर्यादा; घरचीं माणसें घेऊन जातांना तीन-चार मैल मिळाले तरी समाधान मानावें. आतां उधाणाच्या दिवशीं बंदरांतील ओढ दोन मैलांहून अधिक असते. तीन मैलांच्या होडीस दोन मैलांची ओढ समोरून लागली तर हातीं एक मैल उरतो. तीच पाठीशीं असली तर पांच मैल होतात. दोहोंत पांचपट अंतर! म्हणून शहाणा तांडेल आधीं पाणी पाहतो, मग वारा, आणि शेवटीं शीड.

हें सर्व कागदावर मांडून झाल्यावर एक दिवस प्रत्यक्ष अनुभव घेण्याचें ठरलें. माघ शुद्ध दशमी निवडली. पाऊणपटीनें साडेसातास भरती, त्यापुढें सहा तासांनीं, म्हणजे पावणेदोनच्या सुमारास ओहोटी. वर वर्णिलेल्या प्रकारचीच उघडी होडी, एक अनुभवी शिक्षक, आमचे आप्त, त्यांच्या पत्नी, आठ वर्षांची मुलगी व प्रस्तुत लेखक असे पांच जण नऊ वाजतां अपोलो बंदराजवळून निघालों. ओहोटी आम्हांस दक्षिणेकडे नेत होती. वारा इतका मंद कीं शीड जेमतेम भरत होतें. शहर हळूहळू मागें सरलें. गाडींतून किंवा गच्चीवरून मुंबई पाहिलेल्यास ती पाण्यावरून ओळखूं येत नाहीं. आवाज आधीं जातो, मग वास जातो, आणि शेवटीं नुसती एक धुरकट रेघ उरते. अकराला वारा पडला. तास-दीड तास होडी तेलकट पाण्यावर निश्चल उभी होती, ऊन डोक्यावर होतें, आणि मुलगी तिसऱ्यांदा विचारीत होती, “काका, आतां काय करायचं?” शिक्षक म्हणाले, “बाळ, आतां थांबायचं. तेंसुद्धां शिकावं लागतं.” साडेबाराला वायव्येस पाण्यावर काळसर सुरकुत्या दिसूं लागल्या; दहा मिनिटांत शीड फुगलें, होडी कलली, आणि सगळे आपोआप वाऱ्याच्या बाजूस सरकून बसले. पावणेदोनास परत फिरलों. भरती पाठीशीं, वारा डाव्या कुशीस. येतांना जी धांव मिळाली तिच्यापुढें सकाळचा कंटाळा विसरला गेला. चारच्या आंत बंदरांत आलों. शेवटचा अर्धा तास सुकाणू मुलीच्या हातीं होतें, आणि तिच्या हातावर शिक्षकाचा हात फक्त पहिलीं पांच मिनिटें होता.

या एका दिवसांत ज्या गैरसोयी दिसल्या त्याही सांगितल्या पाहिजेत. उघड्या होडींत सावली नाहीं. रुंद कांठाची टोपी, अंगभर सुती कपडे व माणशीं दोन लिटर पाणी यांस पर्याय नाहीं. लघुशंकेची सोय नाहीं. स्त्रिया व मुलें बरोबर असतां झांकणाची बादली व एक जाड चादर घेणें हें लाजेचें नव्हे, शहाणपणाचें लक्षण आहे. ज्यांस उलटी होते त्यांनीं रिकाम्या पोटीं न येतां हलकें खाऊन यावें, आल्याची वडी जवळ ठेवावी आणि दृष्टि दूर क्षितिजावर लावावी. गुडघे धरलेल्या वडीलधाऱ्यांस मात्र ही होडी सुखाची नाहीं. शिडाची आडवी काठी फिरतांना दर वेळीं खालीं वांकावें लागतें.

काकूंचा दुसरा प्रश्न याहून गंभीर आहे, आणि त्याचें उत्तर उत्साहानें देतां येत नाहीं. १७ जुलै १९४७ रोजीं भाऊच्या धक्क्याहून रेवसकडे निघालेली ‘रामदास’ बोट बंदराच्या तोंडाशीं बुडाली व सहाशेंहून अधिक माणसें गेलीं. गिरगांव-परळच्या कित्येक घरांत त्या आषाढाची आठवण पिढ्यान् पिढ्या राहिली. १८ डिसेंबर २०२४ रोजीं घारापुरीकडे जाणाऱ्या ‘नीलकमल’ लाँचीवर नौदलाची वेगवान होडी आदळली. समुद्र शांत, दिवसाचा उजेड, किनारा दिसत असलेला, तरीही माणसें बुडालीं. पहिल्या अपघाताचा धडा ऋतूचा, दुसऱ्याचा धडा तरंगणाऱ्या जाकिटाचा. जाकीट होडींत असून उपयोग नाहीं. तें अंगांत असलें पाहिजे, धक्क्यावरून पाय उचलण्यापूर्वीं बांधलेलें असलें पाहिजे, आणि मुलाचें जाकीट मुलाच्याच मापाचें असलें पाहिजे. उघडी होडी उलटते, हें गृहीत धरूनच ती घ्यावी. चांगल्या होडींत हवेच्या बंद पेट्या असतात. उलटली तरी ती बुडत नाहीं व शिकलेल्या माणसास ती पुन्हा सरळ करतां येते. म्हणून खरेदीपूर्वीं उथळ, स्वच्छ पाण्यांत ती मुद्दाम उलटवून, घरांतील दोन मोठ्या माणसांस ती सरळ करून आंत चढतां येतें कीं नाहीं हें पाहावें. येत नसेल तर सौदा तेथेंच संपला.

मुंबईच्या बंदरांत आणखी एक भय आहे, तें मोठ्या जहाजांचें. न्हावा-शेवाकडे जाणारीं प्रचंड जहाजें ठराविक खोल मार्गानेंच चालूं शकतात. त्यांस चटकन् थांबतां किंवा वळतां येत नाहीं. शिडाच्या होडीला यंत्राच्या नौकेनें वाट द्यावी हा सामान्य नियम खरा. पण समुद्रांतील टक्करी टाळण्यासाठीं १९७२ सालीं झालेल्या आंतरराष्ट्रीय नियमांतील नववा नियम असें सांगतो कीं, अरुंद मार्गांतूनच ज्याला जातां येतें अशा जहाजाच्या वाटेंत वीस मीटरांहून लहान नौकेनें किंवा शिडाच्या नौकेनें अडथळा करूं नये. हा नियम पाठ असल्याखेरीज मुलांस घेऊन त्या मार्गापलीकडे जाण्याचा विचारही करूं नये.

येथवर वाचून कोणी म्हणेल, मग एवढा खटाटोप हवाच कशाला? पूर्वजांनीं समुद्रयात्रा कलिवर्ज्यांत घातली तेंच बरें होतें! या आक्षेपाचा विचार केला पाहिजे. सिंधुबंदीचीं प्रायश्चित्तें गेलीं. आपलीं मुलें विमानानें सातासमुद्रांपार जातात, आणि त्या समुद्रांचें पाणी त्यांच्या पायासही लागत नाहीं. बंदी पोथींतून गेली, पण अंगांतून गेली नाहीं. वास्तविक खांदेरीसारखा जलदुर्ग, जो शिवाजी महाराजांनीं १६७९ सालीं इंग्रजांच्या व सिद्दीच्या डोळ्यांदेखत उभारला, तो मुंबईच्या तोंडाशींच आहे. २०२५ सालीं युनेस्कोनें मराठ्यांच्या किल्ल्यांस जागतिक वारशांत स्थान दिलें, त्यांत खांदेरीचें नांव आहे. आणि आपल्याच काळांत दिलीप दोंदे या नौदल अधिकाऱ्यानें गोव्यांत दिवाडी बेटावर बांधलेल्या ‘म्हादेई’ या शिडाच्या नौकेंतून १९ ऑगस्ट २००९ रोजीं मुंबईहून निघून १९ मे २०१० रोजीं एकट्यानें पृथ्वीप्रदक्षिणा पुरी केली. असें करणारे ते पहिले भारतीय. तेव्हां अंगांत पाणी नाहीं असें नव्हे. लहानपणापासून हात दोरीवर पडत नाहीं, एवढेंच.

म्हणून आमचा निर्णय असा. दादर, गिरगांव किंवा परळ येथील कुटुंबानें मोटारीमागून ओढण्याची होडी मुंबईंत आणून ठेवूं नये. जागा नाहीं, उतार नाहीं, आणि गजबजलेलें बंदर हें शिकाऊ माणसाचें अंगण नव्हे. परंतु उघडी, फळीची, सोळा फुटांच्या आंतील होडी ही वस्तु चांगली आहे. ती रस्त्यावर नव्हे, तर तिच्या योग्य पाण्याजवळ ठेवावी. पुष्कळ कुटुंबांचे आप्त अलिबाग, चौल, रेवदंडा या बाजूस आहेत. तेथील वाडींत माडांच्या सावलींत होडीस जागा मिळते, आणि गाड्याचा उपयोग वाडीपासून खाडीपर्यंत ओढण्यापुरताच राहतो. २०२० पासून भाऊच्या धक्क्याहून मांडव्यास मोटारी नेणारी रो-रो बोट सुमारें तासाभरांत पोहोंचविते. शनिवारीं सकाळीं निघालेलें कुटुंब दुपारच्या खाऱ्या वाऱ्यापूर्वीं कुंडलिकेच्या खाडीवर असूं शकतें. एका काठीं रेवदंड्याचा पोर्तुगीज कोट, समोर कोर्लईचा डोंगर, मध्यें भरतीचें पाणी. मात्र ओहोटीची ओढ खाडीच्या मुखाकडे असते, म्हणून चढत्या भरतींत आंत जावें आणि उतरती लागण्यापूर्वीं काठास यावें. पुलाखालून जावयाचें झाल्यास डोलकाठी जाते कीं नाहीं तें आधीं गांवच्या तांडेलास विचारावें. तो हसणार नाहीं. विचारणारा मनुष्य त्याला आवडतो.

याहूनही एक पायरी अलीकडे थांबावें. होडी घेण्यापूर्वीं घरांतील दोन मोठ्या माणसांनीं व मुलांनीं रीतसर शिक्षण घ्यावें; मुंबईंत तें मिळतें. निदान एक हंगाम दुसऱ्याच्या होडींत बसावें. नंतर तीन-चार कुटुंबांनीं मिळून एक होडी घ्यावी. वर्षांत सफरी पंधरा-वीस. एका कुटुंबाच्या पैशांवर ती बहुतेक दिवस माडाखालीं झांकून राहील, चौघांत मात्र तिचें शीड सुकणार नाहीं. खर्चाचा अंदाज करतांना होडीची किंमत ही फक्त सुरुवात समजावी. ऊन शिडास खातें, खारें पाणी लोखंडास खातें, आणि दर पावसाळ्यापूर्वीं सर्व उतरवून, धुवून, झांकून ठेवणारे हात घरचेच असले पाहिजेत.

आमच्या आप्तांनीं परदेशांतून होडी मागविण्याचा बेत सध्यां बाजूस ठेवला असून पति-पत्नी दोघेंही मुलीसह रविवारीं सकाळीं शिकण्यास जातात. काकूंनीं होकार दिलेला नाहीं. पण पंचांग उघडलें म्हणजे तिथी वाचून झाल्यावर त्या नातीकडे पाहून “पाऊणपट कर बरं,” असें म्हणतात, व तीही लागलीच वेळ सांगते. समुद्राशीं घरोबा व्हावयाचा तो खरेदीच्या पावतीनें होत नाहीं. तो असाच, बोटांवर हिशेब करतां करतां होत असतो.